पुरचुंडीतल्या दोन पिना

दस्तगीर मिस्त्री कुठल्याही इंजिनाला आधी हात लावायचे नाहीत. आधी वास घ्यायचे. भाजी विटली आहे का हे बघायला आपण डब्याशी नाक नेतो, तसं ते उकिडवे बसून इंजिनाशी नाक न्यायचे आणि विचारायचे, "पावणं कुठलं म्हणायचं?" हा प्रश्न इंजिनाला असायचा. सोबत आलेल्या माणसाला ते पहिली पाच मिनिटं विचारातच घेत नसत.

उद्यमनगरात एक लेथवाला आणि एक वेल्डर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं दुकान होतं. शेतातल्या तेलइंजिनांवर त्यांनी उभी हयात काढली होती. ती इंजिनं मोडीत निघाली, सगळीकडे विजेच्या मोटरी आल्या, पण मिस्त्री तिथंच राहिले. काम एकटेच करायचे. मदतीला माणूस का ठेवत नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "दोघं आसलं की चूक कुणाची ती कळत न्हाय."

इंजिन उघडताना निघालेला प्रत्येक बोल्ट ते इडलीच्या जुन्या भांड्यात ठेवायचे. पहिला निघालेला पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्या. एक भांडं भरलं की दुसरं. बसवताना उलट्या क्रमानं. इंजिन उघडं असताना चहा प्यायचे नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "त्याचं पोट उघडं हाय आन् मी चा पिऊ?" काम संपलं की रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग अर्धं लिंबू चोळायचे. त्या लिंबाचा वास त्यांच्याशी हात मिळवल्यावर बराच वेळ आपल्या हाताला राहायचा.

माझी त्यांची ओळख एका मोटरीमुळं झाली. मी पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे. पहिल्या महापुरात आमच्याकडे मदतीची बोट तिसऱ्या दिवशी आली. त्या तीन दिवसांत मळ्यातली माणसं कौलांवर बसून होती. पुढच्या वर्षी संस्थेनं ठरवलं, गावाची स्वतःची बोट पाहिजे. फायबरची बोट देणगीत मिळाली. मोटर मिळेना. नवी घ्यायची तर संस्थेच्या आवाक्याबाहेर होती. अखेर एका भंगारवाल्याकडं बोटीच्या मागं लावायची एक जुनी मोटर सापडली. तिचं झाकण नव्हतं. रंगाचे थर चढलेले. नावाची पट्टी कुणीतरी उचकटून काढलेली, नुसती दोन भोकं राहिलेली. दोरी ओढली तर हलेना. संस्थेची दुधाची गाडी चालवणारा बाळू म्हणाला, "उद्यमनगरात एक म्हातारा हाय. त्याला दावू. त्यानं न्हाय म्हटलं तर मग भंगारच."

मिस्त्रींनी वास घेतला. "पेट्रोलात तेल घालून चालणारं हाय," म्हणाले. मग पान्यांचे दोन जुडगे काढले. एका जुडग्यातला एकही पाना बोल्टला नीट बसेना. दुसऱ्यातला पहिलाच बसला. "मापं इंची हायत. जपानी न्हवं पावणं." मग ब्लेडनं रुपयाएवढी जागा खरवडली. हिरव्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली पुन्हा हिरवा, आणि सगळ्यात खाली पांढरा. प्रत्येक रंगापाशी थांबून ते बोलत होते. "ह्यो हिरवा सरकारी. ह्यो निळा कुठल्यातरी तळ्यावरचा, हौशी माणसांचा. पांढरा घरचा."

मी म्हणालो, "मिस्त्री, रंगाचं जाऊ द्या. चालेल का ते सांगा."

"सचिव, तुमी पोरीला स्थळ बगायला गेल्यावर आधी चालवून बगतासा व्हय? घराणं इचारतासा न्हवं?"

बाळू हसून भिंतीला टेकला.

घराणं शेवटी सापडलं ते इंजिनाच्या अंगावरच्या टिकलीएवढ्या चकतीवर. तिच्यावर आकडे ठोकलेले होते, पण रंगानं बुजलेले. मिस्त्रींनी रंग काढला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो तसा आकडा कागदावर उमटला. तो त्यांनी मालवणला मच्छीमारांच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवला. फोन ठेवला आणि म्हणाले, "अमेरिकेचं हाय. दोन सिलिंडर, वीस घोड्यांचं. माझं लगीन झालं त्याच्या आगंमागं जन्मलंय. म्हातारं हाय, पर घराणं चांगलं."

ते म्हातारं चालू करायला चार महिने लागले. पिस्टन गंजून सिलिंडरला धरले होते. मिस्त्रींनी आत डिझेल भरलं आणि रोज सकाळी एकदा, फक्त एकदा, चाक हातानं फिरवून बघायचे. फिरलं नाही की सोडून द्यायचे. बाळू अधीर झाला. म्हणाला, "चाचा, एक टोला घालू काय?"

"घाल की. मोडलं म्हंजे कुठं धरलं हुतं ते कळंल. पर मग कळून काय करतोस?"

सतराव्या सकाळी चाक फिरलं. त्यांनी मला फोन केला. नुसतं "हाललं" म्हणाले आणि ठेवून दिला.

मग बाकीचं निघालं. पाणी खेचणाऱ्या चक्राचं रबर वाळून लाकूड झालेलं. खालच्या गिअरच्या डब्यात पाणी शिरून तेलाचं ताक झालेलं. ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडलेले. काही मालवणहून आलं, काही शेजारच्या लेथवर झालं. एका पिपात पाणी भरून त्यांनी मोटर त्यात उभी केली आणि ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा लेथवाला, वेल्डर, सगळे धावत आले. मिस्त्री मात्र मोटरीकडं बघत नव्हते. ते मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेखाली हात धरून उभे होते. पाणी किती गरम येतंय, ते बघत होते.

आता त्या पिनेबद्दल सांगायला हवं.

या मोटरीच्या पाण्यातल्या पंख्यात, पंखा आणि दांडा यांना जोडणारी, पेन्सिलीएवढी जाड एक पितळेची पिन असते. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पंखा दगडाला, झाडाच्या मुळाला अडकला की ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. पिन तुटली की इंजिन चालूच राहतं, पण पंखा फिरत नाही. मग मोटर वर उचलायची, तुटकी पिन काढायची, नवी घालायची. माहितगार माणसाला दोन मिनिटं लागतात. शेजारचा वेल्डर म्हणाला होता, "लोखंडाचा खिळा घाला की, कायमचं काम हुईल." मिस्त्रींनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. "ती तुटती म्हणून बाकीचं ऱ्हातंय," एवढंच म्हणाले.

त्यांनी लेथवर तशा तीन पिना स्वतः केल्या. एक पंख्यात बसवली. उरलेल्या दोन, त्यांना अडकवायच्या दोन तारा आणि एक लहान पकड, हे सगळं त्यांनी तेलात भिजवलेल्या फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी मोटर उचलायच्या मुठीला मागच्या अंगानं बांधली. बोटीत बसलेल्याला ती दिसत नसे, पण हात मागं नेला की बरोबर हाताला लागे. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक यंत्राला अशी पुरचुंडी असायची. पाण्याच्या पंपाला वेगळी, फवारणीच्या इंजिनाला वेगळी. त्या यंत्राचं जे आधी मोडणार ते तिच्यात. खात्री ते कुणाला देत नसत, पुरचुंडी द्यायचे. तिची गाठ ते अशी मारायचे की त्यांच्याशिवाय कुणाला सुटायची नाही. फडकं उघडायचं, सामान काढायचं. दोरीला हात लावायचा नाही.

नदीला पाणी कमी होतं तेव्हा त्यांनी आमच्या घाटावर येऊन बाळूला शिकवलं. काठावर बसून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून.

"डोळं मीट. आता बदल."

"डोळं मिटून कशाला, चाचा?"

"पुरात डोळ्यात पानी आसतंय. मीट म्हणतो न्हवं."

बाळूनं दहा-बारा वेळा पिन बदलली. शेवटी दोन मिनिटांच्या आत. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या शर्टावर तेलाची पाच बोटं उमटली, आणि बाळू तो शर्ट घालून गावभर फिरला.

पावसाच्या तोंडावर बोटीच्या पूजेचा दिवस ठरला. अध्यक्ष नारळ फोडणार होते, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर यायचा होता. मोटर रंगवून चकचकीत केली होती आणि तिच्या मुठीला ते काळं, तेलकट फडकं लोंबत होतं. अध्यक्षांचा शर्ट पांढरा होता. मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. फीत कापण्यासाठी मी नवी कात्री आणली होती. त्याच कात्रीनं मी दोरी कापली आणि पुरचुंडी स्कूटरच्या डिकीत टाकली. संध्याकाळी परत बांधू, असं ठरवलं होतं. फोटो चांगला आला. संध्याकाळी जेवण होतं, दुसऱ्या दिवशी ऑडिटर आले. दोन-तीनदा डिकी उघडताना ती हाताला लागली. प्रत्येक वेळी वाटलं, आत्ता नको, जाताना. मग तिच्यावर कागदं पडली, रेनकोट पडला.

त्या वर्षी पुन्हा पूर आला. पाणी एका सकाळीत चढलं. मी संस्थेच्या कार्यालयातून फॅट तपासायचं मशीन माडीवर नेत होतो. बाळूचा फोन आला. मागं मोटरीचा आवाज होता.

"सचिवसाहेब, पुरचुंडी हाय न्हवं मोटरीला? घाईत बगितली न्हाय."

मी म्हणालो, "हाय, हाय. जा तू."

मी खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. माझ्या दोन्ही हातांत मशीन होतं, फोन खांद्यावर होता, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की आहे. इतकी वर्षं मी स्वतःला हे सांगतो आहे. त्यानं काही हलकं होत नाही.

पहिल्या फेरीत बाळूनं मळ्यातली सहा माणसं आणली. दुसऱ्या फेरीत मळ्यातलेच रामूअण्णा आणि तीन बायका होत्या. पाण्याखाली ऊस उभा होता. पंखा उसात गेला आणि पिन तुटली. बोट धारेला लागली. पुढं विजेचा खांब होता. बोट त्याच्यावर आडवी आदळू नये म्हणून बाळूनं पाण्यात उडी टाकली आणि दोरी खांबाला गुंडाळली. बोट थांबली. बाळू थांबला नाही. तिसऱ्या दिवशी तो खालच्या गावाच्या शिवारात सापडला.

पाणी उतरल्यावर संस्थेच्या सभागृहात बैठक झाली. मिस्त्रींना बोलावलं होतं. ते एस.टी.नं आले. सरळ आत न येता आधी व्हरांड्यात गेले. तिथं पोत्यावर मोटर ठेवलेली होती. ते उकिडवे बसले, वास घेतला, मग मुठीवरून हात फिरवला. बोटं मागच्या बाजूला गेली आणि तिथं थोडा वेळ थांबली. मी दारातून बघत होतो. मग ते उठून आत आले आणि भिंतीकडेच्या खुर्चीत बसले.

अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुमची मोटर ऐन वेळेला बंद पडली."

"बंद पडली हुती?" त्यांनी रामूअण्णांना विचारलं.

रामूअण्णा म्हणाले, "न्हाय. मोटर वरडत हुती की. बोट जात न्हवती."

"म्हंजे पिन तुटली."

मागून कुणीतरी म्हणालं, "आन् ती पिन बसवली कुणी?"

"मी."

"मग तुटली कशी?"

"तुटायसाठीच बसवल्याली आसती ती," मिस्त्री म्हणाले.

सभागृहात एकदम गलका झाला. बाळूचा चुलता उठून त्यांच्या अंगावर गेला, दोघांनी धरला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. गलका कमी झाल्यावर म्हणाले, "जादा दोन दिल्या हुत्या. पुरचुंडीत. मुठीला बांधून."

रामूअण्णा हळू आवाजात म्हणाले, "बाळू हात मागं घालून काय तरी चाचपत हुता. दोनदा घातला हात. 'हितंच हाय' म्हणला. मग तिसऱ्यांदा घातला."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "सचिव, मोटर दुकानातून तुम्ही आणली. होती का अशी पुरचुंडी?"

मिस्त्री माझ्याकडं बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. पिपापाशी उभं राहून ते धारेखाली हात धरायचे, तसं ते बघणं होतं.

मी म्हणालो, "माझ्या लक्षात नाही."

ते वाक्य मी नोकरीत हजारदा वापरलेलं आहे. त्यानं कुणावर काही येत नाही, असा माझा समज होता.

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मग मी इसरलो आसंन."

इडलीच्या भांड्यात बोल्ट मांडणारा माणूस असं म्हणाला, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. मीच इतिवृत्तात लिहिलं, मिस्त्रींनी जादा पिना देण्यात कसूर केली. माझं अक्षर चांगलं आहे.

मोटर टेम्पोत घालून त्यांच्या दारात टाकली गेली. पुराची बातमी जिल्हाभर पोचली होती, तिच्याबरोबर हीही पोचली. पंप घेऊन येणारे हळूहळू दुसरीकडं जाऊ लागले. लेथवाल्यानं मला नंतर सांगितलं, म्हातारा दिवसभर ती एकच मोटर उघडतो आणि बसवतो.

आठ महिन्यांनी मी डिकीतली पुरचुंडी घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. भर दुपार होती. ते स्टुलावर बसले होते, मोटर लाकडी घोडीवर चढवलेली. वाळले होते, पण हाताला लिंबाचा वास होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोटरीची मूठ माझ्याकडं फिरवली. मागच्या अंगाला त्यांची गाठ तशीच होती, आणि तिच्यापासून दोरीची दोन टोकं लोंबत होती.

"बगा," ते म्हणाले. "माझी गाठ सुटत न्हाय, म्हणून कापली. एका घावात. कात्री नवी आसणार."

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं."

"व्हरांड्यातच."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी कापली ते मला कुठं म्हाईत हुतं? तुमी तोंड उघडलासा, तवा कळलं." त्यांनी मूठ परत फिरवली. "मला वाटलं, तुमी सांगशीला. आज न्हाय तर उद्या. म्हणून थांबलो."

मी पुरचुंडी पुढं केली. त्यांनी ती मांडीवर उघडली. पकड उघडझाप करून बघितली, पिना बोटांत फिरवून उजेडाला धरल्या. "गंज न्हाय," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं, आणि ते मला बघवलं नाही.

"गावात सांगितलासा?"

"नाही."

"बाळूच्या आईला?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी पिना पुन्हा फडक्यात ठेवल्या, चारी टोकं नीट दुमडली आणि पुरचुंडी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. "मग ही आजून तुमच्याकडंच. तिला सांगा, आन् मग बांधायला या. गाठ मी मारतो."

मला तिला सांगायला त्यानंतर सव्वा वर्ष लागलं. बाळूची आई जोंधळे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं. रडली नाही, मला शिवीही दिली नाही. नुसतं विचारलं, "त्या म्हाताऱ्याला म्हाईत हुतं?"

"हो."

"आन् त्यो गप बसला." तिनं पदरातले दाणे सुपात झटकले. "आमी त्याला काय काय बोललो," म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिनं संस्थेत दूध घालणं बंद केलं. मी वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं आणि इतिवृत्त दुरुस्त करायला लावलं. राजीनामाही दिला होता; तो अजून मंजूर झालेला नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पुरचुंडी घेऊन उद्यमनगरात गेलो. दुकान बंद होतं. लेथवाला म्हणाला, "मिस्त्रींना जाऊन तीन आठवडं झालं. छातीत कळ आली." त्यानं त्यांच्या मुलीला बोलावलं, तिनं शटर वर केलं. मोटर घोडीवरच होती. पुसलेली, तेल दिलेली. इडलीची भांडी रिकामी होती. मोटरीच्या वर भिंतीत एक खिळा होता आणि त्याला हातभर लांबीची दोरी टांगलेली होती. तेलात भिजवलेली, मापानं कापलेली.

मुलगी म्हणाली, "ही कशाची ते आमाला कळलं न्हाय. ते काढू द्यायचे न्हाईत."

मला कळलं, कारण त्यांना ती दोरी टांगताना मी पाहिलं होतं. त्यांनी पुरचुंडी परत दिली त्या दुपारी, ती खिशात घालून मी स्कूटर सुरू केली आणि मागं वळून बघितलं, तेव्हा मिस्त्री स्टुलावरून उठले होते. त्यांनी कापलेल्या दोरीच्या टोकांना करंगळी लावली, मग गुंडाळीतून नवी दोरी ओढून मुठीभोवती माप घेतलं, कापली, तेलाच्या डब्यात बुडवली, दोन बोटांनी निपटली, आणि चवड्यांवर उभं राहून भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. माझ्याकडं पाहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी कामाची असेल.